डोंगर हिरवाच का रंगवायचा?



प्रकल्प जमा करण्याचे दिवस जवळ आले की स्टेशनरीच्या दुकानात पालकांची गर्दी होते. प्लास्टिकची झाडं पाकिटात मिळतात, हिरवळीचा कागद मीटरवर मिळतो, तयार धबधबासुद्धा मिळतो. रात्री जागून आई-बाबा सगळं चिकटवतात आणि सकाळी मूल ते सांभाळत शाळेत आणतं. वर्गात अशी तीस मॉडेलं जमतात आणि तीसही मॉडेलांत डोंगर एकाच हिरव्या रंगाचा असतो. दोन त्रिकोण, मध्ये सूर्य, खाली निळी नदी, काठावर नारळाचं झाड. महिन्याभराने हे सगळं वर्गाच्या कोपऱ्यात धूळ खात पडतं आणि नंतर कचऱ्यात जातं.

माझं स्पष्ट मत आहे की हे तीस प्रकल्प बंद करावेत. त्याऐवजी वर्गाने मिळून वर्षभरात एकच मोठं काम करावं. मी सुचवते ते काम म्हणजे आपल्या भागातल्या रेल्वेचा लेआउट. मोठ्या टेबलावर रूळ, स्टेशन, बोगदा, डोंगर, वस्ती हे सगळं ठरावीक प्रमाणात लहान करून मांडायचं. यात गाडीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो गाडीभोवतीचा परिसर. तो खरा वाटावा म्हणून जी धडपड करावी लागते, त्या धडपडीतच आपला परिसर अभ्यास, गणित, कला आणि कार्यानुभव आहे.

मोठी माणसंही हेच करतात

हा लहान मुलांचा खेळ आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून यावं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ मध्ये सुरू झालेलं ‘मिनिआटूर वुंडरलँड’ तर जगप्रसिद्ध आहे. तिथे १:८७ या प्रमाणात शहरं, डोंगर, बंदरं उभी केली आहेत आणि त्यात दोन लाखांहून जास्त इवली माणसं आहेत.

पण आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं उदाहरण मला इंग्लंडमधलं वाटतं. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिकडे गेला. त्याला रेल्वेचं वेड होतं. ऑक्सफर्डजवळच्या ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातली गावं त्याने पाहिली. तिथली गवताने शाकारलेली जुनी घरं झपाट्याने बदलत होती. ही गावं जशी आहेत तशी पुढच्यांना दिसायला हवीत, असं त्याने मनावर घेतलं. त्यातून १९५४ मध्ये लाँग विटनहॅम या गावी पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या मोठ्या देखाव्यात १९२०-३० च्या काळातलं ते खोरं आहे, तेही एक फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात. त्यातली घरं मनाने रचलेली नाहीत. खऱ्या घरांची मापं घेऊन, भिंतीचा पोत आणि रंग टिपून ती केली आहेत.

म्हणजे बघा, आवड रेल्वेची होती, पण हाती लागली एका भागाची नोंद. आपल्याकडेही गावं काही कमी वेगाने बदलत नाहीत. कौलांच्या जागी पत्रे आले, शेताच्या जागी प्लॉट पडले. मुलांनी आज मापून ठेवलेलं घर दहा वर्षांनी कदाचित फक्त त्या लेआउटवर असेल.

आधी माप, मग माती

आमची शाळा कर्जत तालुक्यातली. त्यामुळे आमच्या मुलांसाठी विषय ठरलेलाच, बोरघाट. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. मुलांनी घाटाची गाडी रोज पाहिलेली, मागून ढकलणारी जादा इंजिनं पाहिलेली. पण पाहिलेलं आणि मोजलेलं यात फरक असतो.

छंद म्हणून लेआउट करणारे १:८७ किंवा १:७६ वापरतात, कारण बाजारात मिळणाऱ्या गाड्या त्या मापाच्या असतात. शाळेत आपली गाडी पुठ्ठ्याची असली तरी चालते. म्हणून सरळ १:१०० घ्यावं. एक मीटरला एक सेंटीमीटर. चौथीच्या मुलाला हे तोंडी जमतं. जुना निळा डबा सुमारे २१ मीटर लांब, म्हणजे आपला डबा २१ सेंटीमीटर. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर, म्हणजे जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर. उभा माणूस दीड-पावणेदोन सेंटीमीटरचा. बारा मीटरचं आंब्याचं झाड बारा सेंटीमीटरचं. एवढं एकदा केलं की डब्यापेक्षा मोठा कावळा आणि स्टेशनपेक्षा मोठं फूल मॉडेलात येत नाही. मुलंच एकमेकांना टोकतात.

मग खरी अडचण येते. कर्जत ते लोणावळा अंतर सुमारे २८ किलोमीटर. १:१०० ने ते २८० मीटर होतं. शाळेचं पटांगणही पुरणार नाही. घाटाचा चढ साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे साडेपाच मीटर. वर्गाचं छत फोडावं लागेल! तेव्हा निवड करावी लागते. काय ठेवायचं, काय गाळायचं? कोणता बोगदा, कोणता पूल? छंदवाल्या लोकांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. आम्ही अर्धा किलोमीटर निवडला. पाच मीटर लांबीची जोडलेली टेबलं, एक बोगद्याचं तोंड, एक ओढा, एक वाडी. मुलांचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून रुंदी कमीच ठेवली.

घाटातला सर्वात तीव्र चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आमच्या टेबलावर ३७ सेंटीमीटरला एक सेंटीमीटर. सगळी मापं शंभरपट लहान झाली, मग चढ का नाही बदलला? हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि गुणोत्तराचा पाठ मला वेगळा घ्यावाच लागला नाही.

महिना कोणता?

मापं झाली की रंगाकडे वळावं. इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. रंग काढण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा, ‘आपल्या डोंगरावर महिना कोणता आहे?’

हा प्रश्न विचारला की हिरवा रंग आपोआप बाटलीत राहतो. सह्याद्री श्रावणात हिरवा असतो. मार्चमध्ये तो हिरवा नसतो. गवत वाळून पेंढ्यासारखं झालेलं असतं. सागाची पानं गळालेली असतात. पळस पेटलेला असतो. कुठे वणव्याने अख्खा उतार काळा पडलेला असतो. आणि या सगळ्यात उंबर आणि आंबा मात्र हिरवेगार उभे असतात. खिडकीतून हे रोज दिसतं, तरी मुलं डोंगर हिरवा रंगवतात. कारण आपण त्यांना चित्रातला डोंगर दाखवला आहे. खिडकीतला पाहायला सांगितलेलाच नाही.

आमच्या वर्गाने मार्च निवडला. त्यानंतर वर्गात ज्याला सगळे विचारायला जाऊ लागले, तो ठाकूरवाडीतून येणारा मुलगा होता. ऐन कुठे वाढतो, कुडा कुठे, कारवी उताराच्या कोणत्या बाजूला दाट असते, हे त्याला माहीत होतं. पुस्तकातला उतारा वाचताना तो अडखळतो. पण झाडांच्या जागा त्याने ठरवल्या. तयार झाडांच्या पाकिटाने हे ज्ञान वर्गात कधीच आलं नसतं.

डोंगराचा आकारही त्रिकोणी नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. म्हणून कडे पायऱ्यांसारखे दिसतात. एक सरळ काळा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा. जाड पन्हळी पुठ्ठा फाडून एकावर एक थर लावले की हे फार चांगलं जमतं. आणि सर्वात मागचे डोंगर? ते निळसर, फिके करावेत. मधल्या हवेमुळे लांबचं तसंच दिसतं. त्याने पाच मीटरचं टेबल पाच मैलांचं वाटू लागतं.

सामान घरातलंच

यासाठी खर्च किती, हा प्रश्न येणारच. आमचा मोठा खर्च फेविकॉल आणि रंगांचा. बाकी सगळं जमवलेलं.

डोंगराचा सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीचा, आत वर्तमानपत्राचे बोळे, वर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर. थर्माकोल नको. त्याचा कचरा आपणच करायचा आणि पर्यावरणाचा धडाही आपणच शिकवायचा, हे काही बरोबर नाही. माती त्याच डोंगराची आणून चाळून घ्यावी. फक्त ती आधी वेगळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून बघावी, कारण गोंद लागला की माती गडद होते. वाळलेलं गवत म्हणजे बारीक कापून उभी चिकटवलेली सुतळी. झाडाचं खोड जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारांना पीळ देऊन करावं, फांद्यांवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि रंगवलेला भुसा. ओढ्याचा तळ आधी रंगवावा, मध्ये गडद, काठाला फिका. वर पारदर्शक व्हार्निशचे पातळ थर. हे व्हार्निशचं काम मात्र शिक्षकांनीच करावं.

रुळांखालची खडी ही तर विज्ञानाची तासिका आहे. खरा दगड साधारण पाच सेंटीमीटरचा. आपल्या मापात तो अर्धा मिलिमीटर होतो, म्हणजे रव्याएवढा. क्रशरची कच चाळण्या बदलून चाळत राहायची, तो दाणा मिळेपर्यंत. ती रुळांत पसरून वर पातळ फेविकॉल ओतलं तर ते थेंब धरून वरच बसतं आणि खडी हलते. आधी साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारलं की तेच फेविकॉल खडीत झिरपतं. असं का होतं? पृष्ठताण हा शब्द वरच्या वर्गात येईल तेव्हा येईल. त्याचा अनुभव आत्ताच मिळाला.

आक्षेप आणि उत्तरं

काही सहकारी म्हणतात, ‘अभ्यासक्रम कधी संपवायचा?’ आठवड्याला दोन तासिका पुरतात, आणि त्या कार्यानुभव-कलेच्या हक्काच्याच आहेत. शिवाय प्रमाण, मापन, चढ-उतार, खडक, झाडं हे सगळं अभ्यासक्रमातलंच आहे. ते वेगळं शिकवायला लागणारा वेळ इथे वाचतो.

‘मुलांचं काम ओबडधोबड होतं, पाहुण्यांना काय दाखवणार?’ हा दुसरा आक्षेप. होऊ द्या ओबडधोबड. वाकडं पण पाहून केलेलं झाड मला विकत आणलेल्या सरळ झाडापेक्षा जास्त किमतीचं वाटतं. प्रदर्शनासाठी बक्षीस देताना परीक्षकांनी चकचकीतपणाला गुण देणं थांबवलं तर हा प्रश्न उरणारच नाही.

मुलं कचऱ्याचा ढीग, रुळांलगतच्या झोपड्या, डोंगर पोखरणारी खाणही करतील. ती काढायला सांगू नका. ती खरोखर आहेत. गाव सुंदर दाखवायचं म्हणून त्यातली माणसंच पुसून टाकायची, हे लहानपणी शिकवू नये.

आणि मूल्यमापन? मी एकच प्रश्न विचारते, ‘हे तू कुठे पाहिलंस?’ ज्याला उत्तर देता येतं त्याचं काम पूर्ण झालं. दुकानातून आणलेल्या वस्तूला या प्रश्नाचं उत्तर नसतं. हा प्रश्न आधीच सांगून ठेवला की पालकही रात्री जागत नाहीत.

पालकहो, तुमच्याकडून मदत हवीच आहे, पण वेगळी. मॉडेल करून देऊ नका. मुलाला घेऊन एकदा स्टेशनच्या बाहेर, पुलाच्या कठड्याआड सुरक्षित जागी अर्धा तास उभे राहा. रुळांवर कुणी जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. छपराचा उतार किती, भिंतीचा रंग खालून का बदललाय, खडी स्टेशनजवळ तपकिरी का दिसते, हे दोघांनी मिळून बघा. वहीत चार रेघा ओढा. तुमच्या भागात रेल्वे नसेल तर एसटी स्टँड घ्या, साखर कारखाना घ्या, बंदर घ्या. पद्धत तीच.

नवीन सत्र सुरू व्हायच्या आत प्रत्येक शाळेने आपल्या खिडकीतून दिसणारा अर्धा किलोमीटर निवडावा, महिना ठरवावा आणि मोजपट्टी हातात घ्यावी. हिरव्या रंगाची बाटली पावसाळा येईपर्यंत कपाटातच राहू द्या.