घामाचे दाम खेळाडूलाही हवेत

मंडळी, आपल्या जळगाव-धुळ्याकडे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण कॅनडात हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी होतात. तिथली पोरे पायात पात्यांचे बूट घालून त्या बर्फावर हॉकी खेळतात. चेंडूच्या जागी रबराची जाड चकती असते. तिथे हा खेळ म्हणजे पगारी धंदा आहे.

या धंद्यातला मोठा गडी गॉर्डी हाऊ. १९२८ साली गव्हाच्या मुलखात, एका शेतघरात जन्मला. घरी गरिबी. आईने एका अडलेल्या बाईकडून जुन्या सामानाचे पोते विकत घेतले, त्यात पात्यांच्या बुटांचा एक जोड निघाला. एक बूट भावाने घातला, एक बहिणीने. पुढे हाच पोरगा अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संघाकडून २५ हंगाम खेळला आणि १९८० साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, मोठ्या मैदानावरून उतरला. पण करार करताना त्याने हट्ट कशाचा धरला? संघाच्या जाकिटाचा! आपल्याच संघातल्या इतरांना आपल्यापेक्षा जास्त पगार मिळतो, हे त्याला कळायला वीसेक वर्षे गेली. मालक सांगेल तो भाव खरा, असे तो मानत आला. मंडळी, कपाशीची गाडी घेऊन बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या महाराष्ट्रातला गडी पाहा. त्याची हॉकी मातीवरची, पण कहाणी तीच. धनराज पिल्ले १९६८ साली पुण्याजवळच्या खडकीत जन्मला. वडील मैदानाची देखभाल करीत. नवी काठी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून भाऊ-भाऊ मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळत. आईने मात्र पोरांना खेळू नका असे कधी म्हटले नाही. मोठा भाऊ रमेश खेळामुळे मुंबईत नोकरीला लागला होता, त्याने धनराजला तिकडे नेले. महिंद्र कंपनीच्या संघात त्याला जागा मिळाली, पुढे इंडियन एअरलाइन्सची नोकरी. म्हणजे काठी हातात होती, पण चूल पेटत होती नोकरीवर. परदेशातल्या क्लबांकडूनही तो पैसे घेऊन खेळला : लंडन, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया.

१९८९ ते २००४ या काळात तो देशासाठी खेळला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा त्याने पाहिल्या. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कप्तान होता, आणि ३२ वर्षांनी भारताला हॉकीचे सुवर्णपदक मिळाले. मग झाले काय? गावाने मिरवणूक काढावी अशा वेळी धनराजला आणि आणखी सहा जुन्या खेळाडूंना संघातून बाजूला केले. सांगितले की विश्रांती दिली आहे. पण खेळाडूंना सामन्याचे पैसे मिळत नाहीत, सोयी नाहीत, असे तो उघड बोलला होता; त्याचीच ही शिक्षा, असे पुष्कळांनी मानले. तो खचला नाही. परत आला, आणि सिडनी व अथेन्सच्या ऑलिंपिकमध्येही खेळला.

आपल्या खान्देशातही असा गडी आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा पहिलवान विजय चौधरी. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरी झाला. पुढे पोलीस खात्यात उपअधीक्षकाची नोकरी मिळाली. २०२३ साली त्याच कॅनडात, विनिपेग शहरी, जगभरच्या पोलिसांच्या स्पर्धेत त्याने कुस्तीचे सुवर्ण जिंकले.

तेव्हा दादा, वहिनी, तुमचा पोरगा किंवा पोरगी मैदानावर रमत असेल तर ‘खेळून पोट भरते का?’ असे म्हणून लगेच काठी हिसकावू नका. पण डोळे मिटून सोडूनही देऊ नका. खेळाचे पीक दहा-पंधरा वर्षांचे. गुडघा गेला की हंगाम संपला. म्हणून शाळा सोडू देऊ नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याला चालते, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत आधीच विचारा. प्रत्येक प्रमाणपत्र सातबाऱ्याच्या उताऱ्याइतके जपून पेटीत ठेवा. आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो घरात मोठ्याने वाचून घ्या.

पोराला एक गोष्ट मात्र जरूर शिकवा. आपल्या घामाचा भाव विचारायला लाजायचे नसते. कपाशीचा असो, केळीचा असो, की खेळाचा.