अर्ज आणि अजीजी

अनुदानासाठी प्रस्ताव लिहिणे हे कारकुनी काम आहे, अशी समजूत परिवर्तनवादी कार्यकर्त्यांत फार जुनी आहे. मोर्चा काढणारा थोर आणि अर्ज लिहिणारा सामान्य, ही ती प्रतवारी. महाराष्ट्रातील चळवळींचा अनुभव मात्र निराळे सांगतो. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानुसार मजुराने कामाची मागणी लेखी करावी लागे. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास त्याला बेकारभत्त्याचा हक्क होता. अर्ज भरला नाही, पोच घेतली नाही, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राही. दुष्काळी भागात अर्जाचा तो कागद मोर्चाइतकाच धारदार ठरला.

आज ग्रामीण संस्थांपुढील कागद वेगळा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चण्याचे बंधन घातले. हा पैसा दानशूरांची कृपा नव्हे. तो कामगारांच्या श्रमातूनच निर्माण झालेला आहे. दुसरीकडे, २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांना स्वतःचा प्रस्ताव स्वतःच लिहिण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तेव्हा ही विद्या शिकलीच पाहिजे. ‘गावात पाणीटंचाई आहे’ या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या विहिरी आटतात, कोणत्या वस्तीतील स्त्रियांना किती अंतर चालावे लागते, आजवर कोणती योजना आली आणि ती का फसली, हे नोंदवावे लागते. अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेमागे काम दिसावे लागते. कार्यकर्त्याचे मानधन लपवण्यात शहाणपण नाही; ते उघडपणे मागावे. अनुदान संपल्यावर पंपाची दुरुस्ती कोण करील, याचे उत्तरही आधीच हवे. हे तपशील कार्यालयात बसून सुचत नाहीत. ते ग्रामसभेत, स्त्रियांच्या बैठकीत मिळतात. म्हणून चांगला प्रस्ताव हा मुळात चांगल्या लोकसंपर्काचा पुरावा असतो.

धोका दुसरीकडे आहे. देणाऱ्याचा तक्ता लाभार्थी किती, एवढेच विचारतो. पाणी कोणी अडवले, जमीन कोणी बळकावली, हे विचारत नाही. वर्षानुवर्षे तोच तक्ता भरणारी संस्था हळूहळू प्रश्नही त्याच्याच भाषेत विचारू लागते. हक्कदाराचा लाभार्थी होतो आणि संघटकाचा प्रकल्प समन्वयक. पैसा ज्या कामाला मिळतो तेच काम गरजेचे वाटू लागते.

यावर उपाय प्रस्ताव न लिहिण्यात नाही. रचनेच्या कामासाठी अनुदान जरूर मागावे. संघर्षाचा खर्च मात्र लोकवर्गणीतूनच चालवावा. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी तो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यासमोर त्यांच्या भाषेत वाचावा आणि आलेल्या रकमेचा हिशेबही त्याच सभेत मांडावा. ज्या प्रस्तावातील एखादे वाक्य वस्तीसमोर वाचताना संकोच वाटतो, ते वाक्य देणाऱ्याकडेही जाऊ नये. एवढी शिस्त पाळली, तर अर्ज हा अर्जच राहील. त्याची अजीजी होणार नाही.