जोर धरण्याचे वय

मराठीत ‘जोर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अंगातली शक्ती आणि दुसरा ती कमावण्यासाठी काढायचा व्यायाम. कमाईला आणि कमावण्याच्या रीतीला एकच नाव देणाऱ्या पूर्वजांचे मला, मराठी शिकवणाऱ्याला, मोठे कौतुक वाटते. पांढरपेशांच्या घरी मात्र पहिला अर्थ सर्वांना हवा असतो आणि दुसरा तालमीतल्या पोरांवर सोपवलेला असतो!

मागे आमच्या जिंतुरात एका स्नेह्यांकडे पंगत होती. जेवणे आटोपली, पण यजमानांचे वडीलबंधू काही पाटावरून उठेनात. शेवटी दोघांनी काखेत हात घातले. “गुडघे गेले, सर,” ते ओशाळून म्हणाले. गुडघ्यांना बोल लावताना आपण मांड्यांना विसरतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू शेकडा ३ ते ८ या हिशेबाने घटतात आणि साठीनंतर ही उतरण अधिकच वेग घेते. आज पाटावरून उठवत नाही, उद्या न्हाणीघरात तोल जातो आणि परवा माणूस स्वतःच्याच घरात दुसऱ्याच्या हाताची वाट पाहत बसतो.

पण आता उशीर झाला, असे मात्र म्हणू नका. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. सूर्यनमस्काराचे नेमाने व्रत त्यांनी चाळिशीच्या सुमारास धरले आणि पुढे साऱ्या संस्थानाला त्याची गोडी लावली. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. ८६ ते ९६ वर्षांच्या दहा वृद्धांना देखरेखीखाली पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जणांनी प्रयोग पुरा केला आणि आठ आठवड्यांत त्यांच्या पायांतली शक्ती सरासरीने अडीच पटींहून अधिक झाली!

मग सुरुवात कशी करावी? रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मग भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात लावून उभ्यानेच जोर काढावेत. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन, तीच उचलावी. जोर लावताना श्वास सोडावा, कोंडू नये. कोंडल्याने रक्तदाब चढतो. दुसऱ्या दिवशी अंग आंबले तर बिघडत नाही. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे व डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती देऊन, एवढे पुरे. बारा वेळा सहज जमू लागले की मगच वजन थोडे वाढवावे. शेजारच्या पोराशी चढाओढ नको.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. यंदा आपणही एक घालू या : तारीख, बैठका, वजन. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत वडील माणसाचे नाव लिहावे आणि खाली आपले.