ललिताबाईंची दुबार पेरणी



गावात एखादी सासू जरा कडक असली, सुनेला घालूनपाडून बोलत असली, की आयाबाया आपसात म्हणतात, "ललिता पवार आहे नुसती!" ज्या पोरींनी ललिता पवारांचा एकही सिनेमा पाहिलेला नाही, त्यांच्याही तोंडी हे नाव असते. जत्रेच्या तंबूत सिनेमा लागायचा त्या काळी तर विचारूच नका. पडद्यावर डावा डोळा बारीक करून त्या सुनेकडे बघू लागल्या, की बायका कडाकडा बोटे मोडायच्या.

आज खताचा हप्ता आणि बियाण्याची उगवण बाजूला ठेवून त्या डाव्या डोळ्याची हकीकत सांगणार आहे. शेतकऱ्याच्या घरात ती लवकर समजेल.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात झाला. येवला म्हणजे पैठणीचे गाव. वडील लक्ष्मणराव सगुण यांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता. मुलीचे नाव ठेवले अंबा. सिनेमा तेव्हा मुका होता, आणि चांगल्या घरची बाई त्यात काम करत नसे. अशा दिवसांत ही मुलगी लहान वयातच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. मूकपटांत ती अंबू या नावाने नायिका झाली. १९३१ सालचा 'दिलेर जिगर' हा मारधाडीचा मूकपट तिचाच. १९३२ साली 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. तेव्हा वय किती? अवघे सोळा.

पुढे सिनेमा बोलू लागला. मुकेपणी चाललेली कितीतरी माणसे तिथेच मागे पडली. ललिताबाई टिकल्या, कारण त्यांना बोलता येत होते, गाताही येत होते. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' मध्ये त्या दिसल्या. १९४१ साली मास्टर विनायकांच्या 'अमृत' मध्ये दिसल्या, त्याची कथा वि. स. खांडेकरांची. पीक जोमात होते म्हणा ना.

आणि गारपीट झाली.

१९४२ साल. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे काम चालू होते. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी बाईंना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, तो अपघात होता. पण चेहऱ्याला लकवा झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार लांबत गेले, वर्षांवर वर्षे गेली. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वय सव्वीस. नायिकेचे भांडवल म्हणजे चेहरा, आणि नेमका तोच गेला.

आता मंडळी, जूनमध्ये पेरलेले पीक पावसाने दडी मारली म्हणून करपून गेले, तर आपण काय करतो? काही जण कपाळाला हात लावून बांधावर बसतात. काही जण हट्टाने तेच बियाणे पुन्हा मातीत घालतात. जाणता शेतकरी आधी दिवस मोजतो. जुलै निम्मा उलटला असेल, तर मूग-उडदाचा नाद सोडतो आणि तूर, बाजरी, सूर्यफूल यांच्यापैकी जमिनीला काय मानवेल ते बघतो. गेलेल्या पिकासाठी रडून जमीन पडीक ठेवत नाही. उरलेला हंगाम आणि उरलेली ओल हिशेबात धरतो.

ललिताबाईंनी हेच केले. नायिकेच्या कामासाठी दारोदार फिरत बसल्या नाहीत. जो चेहरा हाती उरला होता, त्याला कोणते काम मानवेल ते पाहिले आणि चरित्र भूमिकांकडे वळल्या.

१९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. 'ध' चा 'मा' केला म्हणून जिला महाराष्ट्र आजही नावे ठेवतो, ती राघोबादादांची बायको. अठ्ठाविसाव्या वर्षी, कालपर्यंत नायिका असलेल्या बाईने, लोकांनी आपल्याला शिव्या द्याव्यात असे काम पत्करले. १९५२ च्या 'दाग' मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्याहून फक्त सहा वर्षांनी लहान! दुसरी एखादी असती तर रुसून घरी बसली असती.

मधे १९५० साली व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला. हुंड्यापायी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू ललिताबाईंनी अशी उभी केली, की पुढची तीस-पस्तीस वर्षे सासू म्हटले की त्याच. १९८० सालच्या 'सौ दिन सास के' मध्येही त्याच. हुंडा प्रतिबंधक कायदा आला १९६१ साली. त्याच्या अकरा वर्षे आधी ही बाई पडद्यावरून दाखवत होती की हुंडा मागणारे घर आतून कसे दिसते. बायकांनी बोटे मोडली ती त्या सासूवर, म्हणजे काम फत्ते झाले. मात्र तंबूतून घरी गेल्यावर आपल्याच घरातल्या सासूकडे किती जणांनी वळून पाहिले, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

आता खरी गोष्ट सांगतो. तोच डोळा, तोच चेहरा घेऊन त्या १९५५ साली 'श्री ४२०' मध्ये केळीवाली झाल्या. फुटपाथवर बसणारी, मायेची बाई. १९५९ साली हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी' मध्ये मिसेस डिसा झाल्या. ही घरमालकीण तोंडाने फटकळ, भाडेकरू पोराला येताजाता बोलणार, पण जेवल्याशिवाय राहू देणार नाही. ती मरते तेव्हा कठोर काळजाचा माणूसही डोळे पुसतो. या कामाला सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला. १९७१ च्या 'आनंद' मधल्या दवाखान्याच्या मेट्रनही त्याच.

म्हणजे बघा, ज्या डोळ्याला आपण खुनशी म्हणत होतो, ती एक जखम होती. 'दहेज' मध्ये त्यातून विखार दिसला, 'अनाडी' मध्ये त्यातूनच माया दिसली. डोळा बदलला नव्हता. बाईंनी मनात जे आणले ते त्यात उतरले, आणि आपण मात्र व्यंगालाच स्वभाव समजून बसलो.

ही चूक आपण सिनेमापुरती केली असती तर एवढे लिहिले नसते. गावात माणसाला हाक कशी मारतो ते आठवा. लंगडा, थोटा, चकणा. मळणी यंत्रात कुणाचा हात जातो, कडबाकुट्टीत कुणाची बोटे जातात, फवारणी करताना कुणाच्या डोळ्याला इजा होते. दवाखान्यातून तो माणूस घरी येतो, तेव्हा त्याचे नाव बदललेले असते आणि कामही संपलेले असते. "आता त्याच्याच्याने काय होणार?" असे म्हणून घरचेच त्याला ओसरीवर बसवतात. दोन वर्षांत तो चिडका होतो, आणि मग आपणच म्हणतो की स्वभावच तसा.

अशा माणसाला बांधावर न्या. एका हाताने रोपवाटिका सांभाळता येते, ठिबकच्या झडपा फिरवता येतात, दुधाचा आणि मजुरीचा हिशेब ठेवता येतो, कोंबड्या पाळता येतात. त्याला कोणते काम मानवेल ते त्यालाच विचारा. ललिताबाईंना कुणी दयेपोटी काम दिले नव्हते, त्या कामाला योग्य होत्या म्हणून मिळाले. शेतातल्या अपघातात हात, पाय वा डोळा गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लगेच चौकशी करा, दिवस घालवू नका. आणि यंत्राजवळ जाताना सैल बाह्या, पदर, उपरणे नको, हे पुन्हा एकदा सांगतो.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. दर रविवारी सकाळी गावात ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या अंगणात सगळा गाव. त्यातली मंथरा म्हणजे ललिताबाई. सत्तरी गाठलेली बाई पाठीवर कुबड घेऊन कैकेयीचे कान भरत होती, आणि अंगणातल्या म्हाताऱ्या पुन्हा बोटे मोडत होत्या. ज्या बाईची दृष्टी एका अपघाताने अधू झाली, तिने आणखी एक व्यंग आपण होऊन पाठीवर घेतले आणि घराघरांत पोचली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या. यजमान दवाखान्यात होते, घरात त्या वेळी कोणी नव्हते. मुले शहराला गेलेल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण या ठिकाणी कुणालाही यावी. संध्याकाळी शेजारच्या एकट्या आजीकडे एक चक्कर टाकायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या वेळी कुणा सासूला ललिता पवार म्हणाल, तर जरा जपून म्हणा. ते नाव सव्वीस ते सत्तर अशा वयात दुबार पेरणीवर घर भरणाऱ्या एका कष्टाळू बाईचे आहे. आणि बंधूंनो, यंदा पहिला पेरा हातचा गेलाच, तर आधी दिवस मोजा, ओल बघा, आणि मग बियाण्याला हात घाला.