पाचवीतल्या मुलांचे स्वागत कोण करणार?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा पहिलीच्या वर्गाचे दार सजलेले असते. आंब्याच्या पानांचे तोरण, औक्षण, हातात गुलाबाचे फूल, नवी कोरी पुस्तके. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावेही भरू लागले आहेत. हे सारे चांगलेच आहे, ते व्हायलाच हवे. पण त्याच दिवशी, आपल्या पुण्यात, चौथी पास झालेली हजारो मुले नव्या शाळेच्या फाटकातून आत शिरतात. त्यांच्यासाठी फलकावर तुकड्यांच्या याद्या लावलेल्या असतात. आपले नाव ‘अ’मध्ये की ‘क’मध्ये ते शोधायचे, शिपाईकाकांना खोली विचारायची आणि मिळेल त्या बाकावर बसायचे. चार वर्षे शेजारी बसलेली मैत्रीण दुसऱ्याच तुकडीत गेलेली असते. या मुलांच्या स्वागताची जबाबदारी कुणावरच नाही, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते.

मधल्या शाळेचा हा टप्पा नेमका कुठून सुरू होतो, याबद्दल आपल्याकडे एकवाक्यता नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा एक गट आणि सहावी ते आठवी हा दुसरा गट मानला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवी हाच मधला टप्पा धरला. पाचवीचे वर्ग प्राथमिक शाळांना जोडावेत असे राज्य सरकारने ठरवलेही. पण पुण्यातल्या कितीतरी खासगी अनुदानित मराठी शाळांत पाचवी आजही हायस्कूलमध्येच आहे. तो वर्ग हलवला की माध्यमिककडची शिक्षकांची पदे अतिरिक्त ठरतात, म्हणून तो हलत नाही. शिक्षकांची ही अडचण खरी आहे. तेव्हा कागदावर टप्पा कुठेही असो, पुण्यातले मूल दहाव्या वर्षी मोठ्या शाळेत येते हे धरूनच बोलले पाहिजे.

चौथीपर्यंत वर्गाला एकच बाई असतात. गणितही त्यांचे, कविताही त्यांची, डबा कुणी खाल्ला नाही हेही त्यांनाच ठाऊक. पाचवीला दिवसाच्या सात-आठ तासिका होतात आणि पाच-सहा वेगवेगळे शिक्षक पस्तीस-चाळीस मिनिटांसाठी येऊन जातात. मराठी शाळेत हिंदी नव्याने सुरू होते. सेमी घेतले असेल तर गणित एकदम इंग्रजीतून येते; बेरीज-वजाबाकी पक्की असलेले मूलही तिथे गप्प होते. पेन्सिल सुटून हातात पेन येते, म्हणजे चुकले तर खोडायची सोय संपली. पहिल्या आठवड्यात पाचवीच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकावे. ‘सर, पेनने लिहू?’, ‘मॅडम, समास दोन्हीकडे सोडायचा?’, ‘तारीख वर लिहू की खाली?’ मोठ्यांना हे प्रश्न क्षुल्लक वाटतात आणि तिसऱ्यांदा विचारले की ‘एवढंही कळत नाही का, पाचवीत आलास ना?’ असे उत्तर मिळते. त्यानंतर ते मूल विचारायचे थांबते. पुढे घटक चाचणीत पेपर अर्धा कोरा येतो तेव्हा आपण त्याला अभ्यासात कच्चे म्हणतो.

दफ्तराचेही तसेच. दफ्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे, असा शासनाचा निर्णय २०१५ सालीच झाला. तीस किलोच्या मुलाने तीन किलोंपेक्षा जास्त ओझे वाहू नये, असा त्याचा अर्थ. पाचवीतले मूल मात्र सगळी पुस्तके आणि सगळ्या वह्या रोज पाठीवर घेऊन येते, कारण वेळापत्रक कसे वाचायचे ते त्याला कुणी शिकवलेले नसते. आज भूमितीची वही लागेल की नाही याची खात्री नसते आणि वही विसरली तर उभे राहावे लागते. उद्याचे दफ्तर आज कसे भरायचे हे वर्गात बसून दोन दिवस शिकवले, तर त्या पाठीवरचा भार शासन निर्णयाहून लवकर उतरेल.

झोपेचा मुद्दा तर सरळ हिशेबाचा आहे. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून २०२४ मध्ये सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. निर्णय योग्यच होता. पण एप्रिलमध्ये चौथीत असलेल्या मुलाला नऊपर्यंतची सवलत आणि जूनमध्ये तेच मूल पाचवीत गेले की, शाळा सकाळ अधिवेशनाची असेल तर, सातच्या ठोक्याला प्रार्थना. दोन महिन्यांत त्याच्या शरीराची गरज बदललेली नसते. व्हॅन कोथरूडहून किंवा धायरीहून येणार असेल तर त्याला साडेपाचला उठावे लागते.

आणि याच वर्गात परीक्षेची भीतीही आणून ठेवली आहे. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, तीत अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि तीही साधली नाही तर त्याच वर्गात राहणे आले. मुलांना न तपासता पुढे ढकलत राहू नये, हे आम्हांलाही मान्य आहे. आमचा आक्षेप वेळेला आहे. मूल शाळेला रुळायला दिवाळी उजाडते. वर २०१७ पासून अनेक वर्षे शिष्यवृत्तीची परीक्षाही याच इयत्तेत होत आली. सगळ्यांत परक्या वर्षी सगळ्यांत कडक कसोटी लावायची असेल, तर आधाराची सोयही त्याच वर्षी सगळ्यांत जास्त हवी. ती कुठेच दिसत नाही.

जगात यावर विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी मुलामुलींचा काही वर्षे पाठपुरावा केला आणि १९८७ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. सातवीला मोठ्या शाळेत गेलेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास, त्याच शाळेत राहिलेल्या मुलींच्या मानाने, खचलेला त्यांना आढळला. शाळा बदलणे आणि शरीर बदलणे एकाच वेळी आले की मुलींवर दुहेरी ताण येतो. आपल्याकडेही पाचवी-सहावीत पाळी सुरू होणाऱ्या मुली आहेत, आणि त्या वेळी कोणत्या बाईंकडे जायचे हे त्यांना माहीत नसते. जपानने २०१६ पासून पहिली ते नववी सलग नऊ वर्षांच्या शाळांना कायद्याने मान्यता दिली, त्यामागे मोठ्या शाळेत गेल्यावर मुले बिचकतात, शाळा टाळू लागतात, हे एक कारण होते. इंग्लंडमध्ये पुढच्या वर्षी माध्यमिकला जाणारी मुले उन्हाळी सुट्टीआधीच एक-दोन दिवस नव्या शाळेत जाऊन बसून येतात. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

पुण्याला हे अवघड का असावे? डेक्कन एज्युकेशन सोसायटी, महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, शिक्षण प्रसारक मंडळी या जुन्या संस्थांच्या प्राथमिकही शाळा आहेत आणि माध्यमिकही. एकाच संस्थेच्या छत्राखाली मूल एका दारातून निघून दुसऱ्या दारात येते, आणि त्याच्याबरोबर येतो तो फक्त दाखला आणि प्रगतिपुस्तक. चौथीच्या बाईंना त्याच्याबद्दल जे ठाऊक असते ते मागेच राहते. ‘हा बोलताना अडखळतो, त्याला एकदम उभं करून वाचायला सांगू नका.’ ‘हिला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, पण ती सांगणार नाही.’ ‘याचे वडील गेल्या पावसाळ्यात गेले.’ ही तीन वाक्ये पाचवीच्या वर्गशिक्षकांच्या कानावर जूनमध्ये पडली, तर त्या तीन मुलांचे वर्ष वेगळे जाईल.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदासुद्धा विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा अशा तीन गटांचे किमान एकेक शिक्षक असावेत, एवढेच म्हणतो. मग पाचवीच्या एका वर्गावर पाच-सहा जण कशाला? वर्गशिक्षकांकडे त्या तुकडीचे दोन-तीन विषय द्यावेत, म्हणजे दिवसातून तीनदा तरी मुलांना तेच ओळखीचे माणूस दिसेल. साठ-पासष्टचा पट, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, रिकामी पदे हे शिक्षकांचे गाऱ्हाणे आम्ही जाणतो. पण ही मागणी त्यांचे काम वाढवणारी नाही. उलट दोनशे अनोळखी चेहऱ्यांऐवजी साठ नीट ओळखीची मुले त्यांच्या वाट्याला येतील. आठवी-नववीतल्या ताई-दादांना मधल्या सुट्टीत पाचवीच्या व्हरांड्यात उभे केले, तर पाण्याच्या नळाशी होणारी ढकलाढकलीही पुष्कळ कमी होईल.

घरच्यांनी मे महिनाभर ‘पाचवी म्हणजे खेळ नाही, आता अभ्यास वाढणार’ हे पालुपद बंद करावे. संध्याकाळी मूल घरी आले की ‘आज काय शिकवलं?’ याआधी ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ असे विचारावे. ‘एकट्यानेच’ हे उत्तर चार दिवस सलग आले, तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटावे. गणिताचा क्लास लावायची घाई त्यानंतर करता येईल.

महानगरपालिकेच्या शाळांतल्या मुलांचा उंबरठा आणखी पुढे आहे आणि जास्त धोक्याचा आहे. त्यांतल्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. बांधकामावर किंवा घरकामाला जाणाऱ्या आईवडिलांना दाखल्यासाठी, नव्या प्रवेशासाठी चार खेटे घालायचे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडते. मुलगी असेल तर तेवढ्यात धाकट्या भावंडाला सांभाळायला ती घरी थांबते, आणि थांबलेली पोर पुन्हा शाळेत येणे कठीण. इथे शेवटच्या वर्गाच्या शिक्षकांनी मुलांना स्वतः नव्या शाळेत नेऊन प्रवेश होईपर्यंत सोबत करावी, आणि ते काम शिक्षण विभागाने अधिकृत कामाच्या दिवसांत मोजावे. स्वतःहून असे करणारे शिक्षक या शहरात आहेत. त्यांच्या पदरमोडीवर हे चालू राहणे बरोबर नाही.

कोरोनाच्या काळात, २०२१च्या जुलैपासून, राज्याने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास राबवला. तो कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केला होता. त्यात मागील इयत्तेचा अभ्यासक्रम होता. त्याच परिषदेने पाचवीच्या पहिल्या पंधरा दिवसांसाठी एक छोटी आखणी करावी: शाळा पाहणे, वेळापत्रक वाचणे, पेनने लिहिणे, एकमेकांची नावे पाठ होणे, आणि त्या काळात चाचणी नाही. पण संस्थांनी तिची वाट पाहत बसू नये. येत्या एप्रिलमध्ये, प्रगतिपुस्तके भरून झाली की १ मेच्या निकालाआधीची एक दुपार मोकळी ठेवावी आणि चौथीच्या बाई व पाचवीचे वर्गशिक्षक यांना मुलांच्या याद्या घेऊन समोरासमोर बसवावे. एवढे मुख्याध्यापकांच्या हातात आहे.