धरायला कोण आहे?

मूल घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत शिरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती दुखतेय, हा नव्हे. ‘धरायला कोण आहे?’ नामपुरात हाच, सटाण्यात हाच, मालेगावात हाच. सरकारी दवाखान्यात हाच आणि जाडजूड बिल देणाऱ्या खासगी दवाखान्यातही हाच. मग एक जण हात धरतो, एक जण पाय, एक जण डोके. आईला बाहेर थांबवतात. ती रडते, तिला पाहून मूल जास्त रडते, असे कारण सांगतात. दार लोटले जाते.

काम आटोपल्यावर बाप बाहेर येऊन सांगतो, ‘चौघांना आवरला नाही.’ सांगताना आवाजात थोडे कौतुकही असते. मुलाच्या वेदनेचे आपल्याकडचे मोजमाप ते एवढेच. किती जणांनी धरले, हा आकडा. तोही कुठे लिहिला जात नाही. केसपेपरवर वजन असते, ताप असतो, औषधांची नावे असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत हा केसपेपर मोफत झाला, हे चांगलेच झाले. पण मुलाला किती दुखत होते आणि औषधानंतर किती कमी झाले, याची नोंद त्यावर सहसा सापडत नाही. जे लिहायचेच नाही, त्यावर उपाय केला की नाही, हे तरी कोण विचारणार?

न बोलणाऱ्या लेकराचे दुखणे मोजायचे कसे, असे कुणी म्हणेल. ती सबब जुनी झाली. मिशिगन विद्यापीठातील परिचारिका सँड्रा मर्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्यासाठी एक साधी पट्टी प्रसिद्ध केली. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होते की नाही, या पाच गोष्टी पाहायच्या. प्रत्येकीला ० ते २ गुण. बेरीज दहापर्यंत. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. वॉर्डातली कोणतीही सिस्टर मिनिटभरात हा आकडा काढू शकते. थोड्या मोठ्या मुलांसाठी तर हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे सहा चेहरे असलेला तक्ता आहे. मूल स्वतःच बोट ठेवून सांगते. ज्याला सांगता येते त्यालाही आपण विचारत नाही, एवढाच फरक.

कुत्रा चावण्याचे उदाहरण घ्या. मोसम खोऱ्यातल्या मळ्यावस्त्यांवर ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. संशयित पिसाळलेले जनावर चावलेल्यांपैकी ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल बुटके असते, म्हणून चावा पुष्कळदा तोंडावर, हातावर बसतो. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चावा खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर रेबीजविरोधी सीरमही द्यायचे. ते दंडात देऊन भागत नाही. जखमेत आणि जखमेच्या कडेने सुई फिरवून भरावे लागते. बोटाच्या टोकाला, नाकाच्या शेंड्याला, कानाच्या पाळीला मांस ते किती! तिथे ते औषध शिरताना काय होत असेल, याची कल्पना मोठ्या माणसाने स्वतःच्या बोटावर करून पाहावी.

हे सीरम टाळता येत नाही, आणि टाळू नयेच. रेबीज झाल्यावर उपाय नाही. पण म्हणूनच दुखण्याचा विचार अधिक करायला हवा. त्वचेत द्यायच्या लसीसाठी त्या मुलाला तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा आणायचे असते. पहिल्या दिवशी चौघांनी दाबून धरलेले मूल तिसऱ्या दिवशी दवाखान्याची पायरी पाहूनच अंग टाकते. आजी म्हणते, राहू द्या आता, जखम भरली. कांद्याची काढणी चालू असते, रोज बुडतो. डोस राहतो. मुलांची वेदना हा हळव्या लोकांचा विषय आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

टाके घालतानाचा युक्तिवाद तर पाठच आहे. ‘एकच टाका आहे. बधिर करायलाही सुई टोचावीच लागते ना?’ ऐकायला बरोबर वाटते. पण टाक्याची सुई कातडीतून आरपार जाते, एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघते. बधिर करणारे लिग्नोकेन बारीक सुईने, हळूहळू, अंगाइतके कोमट करून दिले तर त्याची आगही कमी होते. नंतर काही मिनिटे थांबायचे असते. खरी अडचण या काही मिनिटांची आहे. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्वस्त आहे. पण बाहेर रांग आहे, म्हणून थांबणे परवडत नाही. धरणारे हात मात्र फुकट मिळतात.

‘लहान आहे, विसरेल.’ हे आणखी एक. टोरांटोच्या अ‍ॅना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की बधिर न करता सुंता झालेली बाळे चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. बाळाच्या आठवणीत प्रसंग नसेल, पण शरीर विसरत नाही. त्याच्या दहा वर्षे आधी तर नवजात बाळाला वेदना कळतात का, यावरच वाद होता. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. त्याला फक्त स्नायू लुळे करणारे औषध दिले होते. तो हलला नाही, म्हणून सगळे सुरळीत. आईला हे कळले ते मूल गेल्यावर. तिने ते जगाला ओरडून सांगितले. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद त्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये याच प्रश्नावर काम करत होते. नीट वेदनाशामक मिळालेल्या बाळांची तब्येत शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली राहते, हे त्यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. वाद तिथे मिटला. ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत ही बातमी पोचायला आणखी किती वर्षे हवीत?

इथे एक गल्लत मात्र होऊ नये. गुंगी देणे म्हणजे वेदना थांबवणे नव्हे. झोपेचे सिरप पाजले, मूल पेंगुळले, ओरडायचे थांबले. दुखायचे थांबले असे नाही. मिडॅझोलामसारख्या गुंगीच्या औषधाने भीती आणि आठवण पुसली जाते, कळ जात नाही. शिवाय गुंगीचे औषध मुलाचा श्वासही मंदावू शकते. ते देताना बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र हवे, हाताशी ऑक्सिजन आणि कृत्रिम श्वास द्यायची अंबू बॅग हवी, पोट रिकामे हवे आणि मुलाच्या श्वासाकडे पाहण्याखेरीज दुसरे काही काम नसलेला एक जाणता माणूस हवा. हे नसेल तर गुंगी देऊ नये. मूल पुढे मालेगावला किंवा नाशिकला पाठवावे. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ रोज मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कमतरतेच्या आड बाकी सगळे लपवता येणार नाही. बधिर करायला, चार मिनिटे थांबायला, आईला आत घ्यायला भूलतज्ज्ञ लागत नाही.

आपल्या गावचा सोनार हे जाणतो. बाळाचे कान टोचताना तो आईला बाहेर काढत नाही. बाळ मांडीवर असते, जिभेवर गोड असते, तार तयार असते आणि हात सराईत असतो. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याआधी साखरपाण्याचे थेंब जिभेवर दिले तर कळ कमी होते, हे आता पुष्कळ चाचण्यांतून दिसले आहे. लस टोचताना बाळ आईच्या कुशीत असावे, शक्य तर अंगावर पीत असावे, अनेक सुया असतील तर जास्त दुखणारी शेवटी टोचावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. अंगणवाडीतल्या लसीकरणाला यातले काहीही अवघड नाही. काही सिस्टर हे न सांगता करतातही. त्यांचे कौतुक व्हायला हवे, पण एखाद्या सिस्टरच्या चांगुलपणावर व्यवस्था चालत नाही. ती नियमाने चालते.

नियम छोटा आहे. मुलाच्या केसपेपरवर मारायला एक रबरी शिक्का करावा. त्यावर वेदना मोजण्याच्या त्या पाच गोष्टी आणि दोन रिकाम्या जागा, उपचाराआधी किती आणि नंतर किती. त्याखाली एक ओळ: बधिर केले का, नसेल तर का नाही. आई किंवा बाप मुलाजवळ आत राहील, अशी पाटी दारावर लावावी. यासाठी मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहायचे कारण नाही. रुग्ण कल्याण समितीकडे किरकोळ खर्चासाठी निधी असतो, आणि हा खर्च त्याहून किरकोळ आहे. नामपूरच्या समितीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. ज्यांची मुले त्या खोलीत जाऊन आली आहेत, त्यांनी तो घ्यायला लावावा.