आमच्याच देवाला का?

अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरला जाणारा रस्ता झोपत नाही. पंचवीसेक किलोमीटर माणसं अनवाणी चालत असतात. कुणाच्या चपला पिशवीत, कुणाचं पोर खांद्यावर. वाटेत जागोजागी केळी, साबुदाण्याची खिचडी आणि चहा वाटणारे उभे असतात. माझी आई सत्तरी ओलांडेपर्यंत ही वाट चालली. आता मी तिला मोटारसायकलवर नेतो आणि ती गणपतीसमोर असेपर्यंत बाहेर तिच्या चपला हातात धरून थांबतो. मी देव मानत नाही, हे तिला माहीत आहे आणि गावालाही.

तिथेच एका जुन्या विद्यार्थ्याने मला गाठलं. पाया पडला आणि म्हणाला, “सर, तुम्ही देव नाही म्हणून लिहिता. हेच एकदा दर्ग्यात जाऊन बोलून दाखवा ना. आमच्याच देवाला का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेणारे नास्तिक मला आवडत नाहीत. त्यात आरोप आहे, पण आरोपाआड एक रास्त अपेक्षाही आहे: तराजू एकच असावा. ती अपेक्षा मला मान्य आहे, म्हणून आधी तराजूचंच बोलतो.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला लागले. आमच्या शाळेत मी पोळ्याचा रंगवलेला मातीचा बैल टेबलावर ठेवला, दुधाचा चमचा त्याच्या तोंडाला टेकवून किंचित कलता केला. बैल दूध प्यायला. पोरं आधी गप्प झाली आणि मग खाली वाकून बघू लागली. बैलाच्या छातीवरून पांढरी पातळ धार टेबलावर उतरत होती. हा पृष्ठताणाचा खेळ. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं, तिथल्या दर्ग्यातल्या मखदूम बाबांची कृपा झाली म्हणून लोक ते घाण पाणी बाटल्यांत भरून पिऊ लागले. पावसाचं आणि मिठी नदीचं पाणी मिसळून खारटपणा उतरला होता. २०१२ साली मुंबईत इर्ल्याच्या चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी भिंतीमागचं तुंबलेलं गटार दाखवलं. ते पाणी केशाकर्षणाने वर चढत होतं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं.

तीन धर्मांचे तीन चमत्कार, आणि तपासणी एकाच पद्धतीची. जादूटोणाविरोधी कायद्यालाही हिंदूविरोधी म्हटलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, मग घाईने वटहुकूम निघाला. त्याखालचा पहिला गुन्हा नोंदला गेला तो आमच्या मराठवाड्यात, नांदेडला. असाध्य रोग बरे करतो अशा जाहिराती देणारे ते दोघे इसम मुसलमान होते. तेव्हा “फक्त आमच्याच देवाला” हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही.

पण तो सगळाच खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. सैलानी बाबांच्या दर्ग्याची यात्रा आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भरते. नारळांची होळी पेटते, आणि मनाने आजारी असलेली माणसं भूतबाधा उतरवायला तिथे आणली जातात. देवऋषी, अंगात येणं याबद्दल तावातावाने बोलणारे आमचे काही सोबती तिथे मात्र “सर्वधर्मसमभावाचं ठिकाण आहे” म्हणून आवाज खाली आणतात. हे चूक आहे. तिथे आणलेल्या बाईला औषधाची आणि डॉक्टरची गरज असते. ती हिंदू आहे की मुसलमान, याने तिच्या दुखण्यात फरक पडत नाही. आपण एकोपा राखला असं वाटतं तेव्हा खरं तर आपण तिला वाऱ्यावर सोडलेलं असतं.

एवढं कबूल केल्यावर दुसऱ्या टोकाचंही खंडन केलं पाहिजे. काही नास्तिक म्हणतात, सगळे देव शून्य, मग सगळ्यांना एकच टोमणा. ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला, रामदासस्वामींच्या जन्मगावी, देवळातल्या राम-लक्ष्मण-सीतेच्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. तेव्हा एकाने मला विचारलं, स्वतःला वाचवता न येणारा देव गावाला काय वाचवणार? मला ते ऐकून वाईट वाटलं. शिवरात्रीला पिंडीवर उंदीर फिरताना पाहून लहानग्या दयानंद सरस्वतींच्या मनात हाच प्रश्न उठला होता. पण ते उपास धरून, रात्रभर जागून त्या पिंडीसमोर बसलेले होते. त्यांना तो प्रश्न आतून सोसावा लागला. जांबच्या लोकांच्या तोंडावर तो फेकणं म्हणजे घरात चोरी झालेल्या माणसाला कुलपावरून चिडवणं. मूर्ती सापडाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. ऑक्टोबरात त्या पोलिसांच्या हाती लागल्या तेव्हा मलाही आनंद झाला. त्याने माझा नास्तिकपणा उणावला नाही.

पुस्तकी नास्तिकांचा एक आवडता युक्तिवाद आहे: तू बाकी सगळे देव नाकारतोसच, मी फक्त एक जास्त नाकारतो. जिथे एकच देव खरा आणि बाकीचे खोटे, अशी शिकवण आहे तिथे तो लागू पडत असेल. जालन्यात तो पहिल्याच वाक्यात अडखळतो. राजूरला चालत जाणारा माझा विद्यार्थी दर्ग्याचा पीर नाकारतच नाही. वाटेत लागला तर हात जोडतो. आणि गुरू गणेश तपोधामात येणारे स्थानकवासी जैन जगाचा कर्ता देव मुळातच मानत नाहीत, तरी पर्युषणात त्यांचे उपास बघून कुणाही आस्तिकाने मान खाली घालावी.

देव वेगवेगळे दावे करतात, म्हणून आक्षेपही वेगवेगळे घ्यावे लागतात. सर्वशक्तिमान आणि परमदयाळू अशा एकमेव ईश्वराला मी विचारतो की लेकराच्या कॅन्सरचा हिशेब कसा लावायचा. पाऊस लांबला की गावकरी ज्याचा गाभारा पाण्याने भरून कोंडतात, त्या महादेवाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याला लोक स्वतःच जाब विचारतात, रागावतात. तिथे माझं म्हणणं एवढंच की बाबांनो, पाणी बांधाला अडवा.

आणि विचारणारा कुठे उभा आहे, यानेही फरक पडतो. आगरकरांनी घरच्या देवघराला प्रश्न विचारले. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि ३ मे १९७७ रोजी वारल्यावर त्यांच्या इच्छेनुसार कसलाही धार्मिक विधी न करता त्यांचं दहन झालं. बाबासाहेबांचा नकार आणखी निराळा. ज्या काळारामाचं दार १९३० साली सत्याग्रह करूनही उघडलं नाही, त्याला १९५६ साली नागपुरात त्यांनी लाखोंसह सोडून दिलं. दार बंद ठेवणाऱ्या देवाशी बोलण्याचा त्यांचा स्वर आगरकरांसारखा कसा असेल? मला तो हक्काने वापरता येणार नाही, कारण ते दार माझ्या आजोबांना उघडं होतं.

म्हणूनच परक्याच्या देवावर तुटून पडणाऱ्याला मी नास्तिक म्हणायला तयार नाही. सोमनाथ फोडणारा गझनीचा महमूद आपल्या देवावर गाढ श्रद्धा असणारा होता. १९व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी घरचे देव सोडले, ख्रिस्ताला शरण गेले आणि जालन्याजवळ बेथेल वसवलं. तेही नास्तिक नव्हते. दलवाईंचं नाव घेऊन टाळ्या पिटणाऱ्यांपैकी किती जण आगरकरांचं एक पान आपल्या घरात मोठ्याने वाचतील? नास्तिकाची पहिली परीक्षा त्याच्या स्वतःच्या देवघरासमोर होते. तिथे आई दुखावते, सोयरे तुटतात, बारशाला बोलावणं येत नाही.

विद्यार्थ्याला मी म्हणालो, “दर्ग्यात कुणी आजारी माणसाला साखळी घातली असं कळलं तर मला सांग, आपण दोघं जाऊ. पण राजूरचा गणपती माझ्या घरचा आहे. त्याच्याशी भांडण्याचा हक्क मला कुणाकडून मागावा लागत नाही.”

तो काही बोलला नाही. तेवढ्यात आई बाहेर आली. त्याने माझ्या हातातून चपला घेतल्या, वाकून तिच्या पायापाशी ठेवल्या. तिने आम्हा दोघांच्या तळहातांवर प्रसादाचा एकेक मोदक ठेवला, आणि मी तो खाल्ला.